कोरड्या कपातले पाच दाणे

"ह्या कपात पाणी कुणी घातलं, आमाला म्हाईत न्हाई," तिसरीची पोरं एका सुरात म्हणाली. माना मात्र सगळ्यांच्या मागच्या बाकावरच्या अयोध्याकडे वळल्या होत्या.

खिडकीत कापूस घातलेले दोन कप होते, प्रत्येकात हरभऱ्याचे पाच दाणे. एकाला पाणी द्यायचं, दुसऱ्याला नाही, असं ठरलं होतं. कोंब मात्र दोन्हीकडे आलेले. सबिहाबाईंनी कपाळाला हात लावला. औशाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग बघायला केंद्रप्रमुख उमाशंकर सर नेमके त्याच वेळी वर्गात उभे होते.

"बिनकोंबाचा दुसरा कप मांडून ठेवा, बाई," सर हळूच म्हणाले, "आन् पोरांकडून उत्तर पाठ करून घ्या. कोण बघायलंय?"

बाईंना ते झोंबलं. डोळ्यांना दिसलं तेच पोरांनी सांगावं, बाईंना आवडेल ते नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी नोकरीभर धरला होता. आता महिनाअखेरीला निवृत्ती. जाता जाता पोरांना खोटं शिकवायचं?

"प्रदर्शन राहू द्या, सर. पाठांतर नको."

तेवढ्यात अयोध्या उठली. "म्याच घातलं पाणी. एकाला द्यायचं आन् बाजूच्याला तान्हेलं ठिवायचं? आमचे बाबा म्हणतेत, पेरलेल्या बीला उपाशी ठिवू नये."

शेतकऱ्याच्या पोरीपुढे विज्ञान काय बोलणार? सरसुद्धा हसले. बाईंना तर तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

"खरं सांगितलंस, बरं केलंस बेटा. आता नवा कप मांडू. ह्याला कुणीच पाणी द्यायचं न्हाई."

"मरल की ते."

"मरतंय का, बघू की."

प्रदर्शनाला दुसरी शाळा गेली. अयोध्या मात्र रोज खिडकीकडे पाठ करून बसू लागली. बघितलं की हात शिवशिवतात, म्हणाली.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, भाषणं तर लई झाली. अयोध्या बाईंच्या पदराशी येऊन उभी राहिली. "आता तरी घालू का पाणी?"

"घाल. पण पुढचं मला बघायला मिळायचं न्हाई." बाईंचे डोळे भरून आले.

"म्या कळवते की."

पुढच्या आठवड्यात बाईंना औशातल्या घरी बसस्थानकावरून कंडक्टर व्यंकटीचा फोन आला. गावातून औशाला शिकणाऱ्या पोरांचे डबे त्याच्याच गाडीतून येत. बाई स्थानकावर पोचल्या तेव्हा त्या डब्यांमधून त्याने रुमालात बांधलेला कप काढला.

"लई जपून आणलाव, बाई. सांडायचं न्हाई म्हणून पोरीनं दम दिलाय. निरोप बी हाय. चार उगवले, एक न्हाई उगवला. का न्हाई, ते आमाला म्हाईत न्हाई, म्हणाली."

बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी रुमाल सोडला. चार दाण्यांना पांढरे कोंब होते. पाचवा तसाच. तो त्यांनी बराच वेळ निरखला. मग पिशवीतली बाटली काढून कपात थोडं पाणी घातलं, त्या पाचव्यालाही.