सही आणि अंगठा

पुना नानांचा उजवा हात आमच्याच नगरपालिकेच्या पायरीवर फोडला, आणि तोही आमच्याच पाणीखात्याच्या चावीने. बाजाराचा दिवस होता, भर दुपार. चावी म्हणजे रस्त्यातले वॉल्व्ह फिरवायची, कमरेएवढी लोखंडी, वर आडवी मूठ असलेली. पालिकेत नळाचं कंत्राट प्रेमराजकडे होतं, म्हणून चावीही त्याच्याकडेच असायची.

मी रुपचंद, पाणीखात्याचा हेडक्लार्क. गावाला बारा दिवसांनी पाणी येतं आणि शिव्या मी रोज खातो. तापीवरून जलवाहिनी आणायची योजना चार वर्षं मुंबईला जात होती आणि चार वर्षं तशीच परत येत होती. कारण उघड होतं. सरकार एका पक्षाचं, पालिका दुसऱ्या पक्षाची, आणि आमदार सरकारचा. फाइलवर दर वेळी एकच शेरा यायचा : लोकप्रतिनिधींमध्ये एकमत नाही. वीस नगरसेवकांत आमदाराच्या पक्षाचा एकच होता, पुना नाना. ते ठरावावर सही करायचे नाहीत, म्हणून एकमत नाही. मला तर तो शेरा वाचला की फाइल कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावीशी वाटायची.

या वेळी नगराध्यक्षा मंजुळाबाईंनी वेगळा रस्ता धरला. पाचोऱ्याकडच्या विरोधी आमदाराला गाठून अधिवेशनात लक्षवेधी लावून घेतली आणि मंत्र्यांच्या दालनात बैठक मिळवली. फक्त नानांची सही हवी होती. ती आणायला मी गेलो, कारण नाना निवृत्त मास्तर आणि मला पाटीवर अक्षर घोटायला त्यांनीच शिकवलं होतं. मी सांगितलं, नाना, तुमचं नाव बैठकीआधी कुठे फुटणार नाही. हे मी खोटं बोललो. कार्यालयात काही लपून राहत नाही, हे मला ठाऊक होतं.

नानांनी ठराव दोनदा वाचला. "पाणी काय पक्ष पाहिसन येस का?" म्हणाले, आणि शाईच्या पेनाने सावकाश, सुंदर सही केली.

चौथ्या दिवशी प्रेमराज तीन पोरं घेऊन पायरीवर उभा, कंत्राटदार असला तरी तो आमदाराचाच माणूस. हातात टाइप केलेलं पत्र : माझी सही फसवून घेतली, ती रद्द समजावी. नाना पत्र वाचून, घडी घालून, खिशात ठेवून पायऱ्या उतरायला लागले. प्रेमराजने त्यांना मागून लाथ घातली. नाना तोंडावर आपटले, चष्मा फुटला, कपाळातून रक्त निघालं. एकाने त्यांचा हात पायरीवर दाबून धरला. प्रेमराजने चावी दोन्ही हातांनी उचलली आणि मारली. एकदा नाही, पाच वेळा. बोटं मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. खाली भाजीवाल्या बायका ओरडत होत्या आणि कुणी पुढे येत नव्हतं. मीही नाही.

मग त्या पोरांपैकी एकाला अक्कल सुचली. "आते हऊ सही कशी करी?"

प्रेमराजने चावी खाली टेकवली. पत्र हवं, सही हवी, आणि सहीचा हात तर त्याने स्वतःच फोडला होता. त्याने वर पाहिलं, मी खिडकीत दिसलो.

"रुपचंद, शाईनं पॅड आन."

मी नेलं. त्यांनी नानांचा डावा अंगठा जांभळ्या शाईत दाबला आणि पत्रावर उठवला. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पोलिसांत साक्ष द्यायला कुणी गेलं नाही, प्रेमराज मोकळाच राहिला. दवाखान्यात मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुंबईत मंत्र्यांच्या दालनात मी फाइल घेऊन मागे बसलो होतो. मंजुळाबाईंनी ठराव ठेवला आणि आमच्या आमदाराने त्यावर अंगठ्याचं पत्र ठेवलं. सचिवांनी दोन्ही कागद शेजारी लावले. विचारलं, तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस अंगठा कसा उठवतो? आमदार हसून म्हणाला, पडले बिचारे, हाताला लागलंय, पण मन बदललं म्हणून अंगठा दिला. मंत्री घड्याळ पाहायला लागले. फाइल पाचव्यांदा परत चालली होती.

 मी उठलो.

"साहेब, ते पॅड मी नेऊन दिलं. हात आधी फोडला, अंगठा नंतर उठवला. मी खिडकीतून पाहिलं."

 बाहेर पत्रकार होते, मंत्र्यांना तेवढं कळत होतं. सचिवांनी पत्र बाजूला सारलं आणि ठराव एकमताचा असल्याचं लिहिलं. आमदार माझ्याकडे बघत फोन लावत होता.

सकाळी गावची बस धरायला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर प्रेमराज रिक्षाला टेकून उभा. पायाशी चावी. त्याने विचारलं, पॅड कोणत्या हातानं आणलं होतं? मी त्याच हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मग त्याची पोरं माझ्यावर पडली. चावी पहिल्यांदा खांद्यावर बसली, मग कोपरावर, मग मनगटावर. तिसऱ्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली ती नानांच्या शेजारच्या खाटेवर. माझा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. उशाशी मंजुळाबाई बसल्या होत्या. त्यांनी नानांना सगळं सांगितलं होतं, बैठकीचं आणि स्टँडवरचंही. मंजुरीचा आदेश निघाला होता.

नानांनी या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. माझ्या प्लास्टरकडे बराच वेळ पाहिलं.

"पॅड लेवाले तू पयत गया व्हता, रुपचंद," ते म्हणाले.

"हो नाना," मी म्हणालो. "पळतच गेलो होतो."