ज्याचं त्यानं पाडायचं

बालवर्गाच्या बाईंनी आयुष्यात फार नियम केले नाहीत आणि केलेले बहुतेक मुलांनी नि पालकांनी धाब्यावर बसवले. एकच टिकला. लाकडी ठोकळ्यांचं जे काही बांधलं असेल, ते ज्याचं त्यानं पाडायचं. दुसऱ्यानं बोटसुद्धा लावायचं नाही. खेळ संपला की मालकानं आपल्या हातानं धाडकन पाडायचं, मग सगळ्यांनी मिळून ठोकळे फडताळात लावायचे. या नियमानं वर्गातल्या मारामाऱ्या थांबल्या होत्या आणि त्याबद्दल बाईंना स्वतःचं थोडं कौतुकही होतं. आता तोच नियम त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

खिडकीखालच्या कोपऱ्यात भोंग्याचं हॉस्पिटल उभं होतं. भोंगा हे नाव त्याच्या आवाजामुळे पडलेलं. साधं ‘पाणी पाहिजे’ म्हणाला तरी शेजारच्या वर्गातली मुलं दचकायची. एक दिवस अंगात ताप भरला म्हणून त्याला बांधकाम अर्ध्यावर टाकून घरी जावं लागलं. तो रडायला लागला तेव्हा बाईंनी शब्द दिला, “तू येईपर्यंत कुणी हात लावणार नाही.” ताप उतरला, पण भोंगा आला नाही. त्याच्या आईवडिलांचं बिनसलेलं होतंच. रात्रपाळी करणाऱ्या आईकडे मूल कसं राहणार, असं चार शहाण्यांनी बसून ठरवलं आणि वडील त्याला घेऊन दुसऱ्या गावी आपल्या आईकडे निघून गेले.

हॉस्पिटलात वर्गातल्या जवळजवळ सगळ्या लांब पट्ट्या अडकल्या होत्या, कारण भोंग्यानं खाटाच खाटा मांडल्या होत्या. उरलेल्या ठोकळ्यांवर बाकीची पोरं रोज तुटून पडत. पूल बांधायला घेतला की पट्टी कमी पडे, पट्टी मिळाली की कुणीतरी ती ओढून घेई. पण हॉस्पिटलला कुणी हात लावत नव्हतं. नियम म्हणजे नियम. केर काढणारी मावशी कंबर धरून त्याच्याभोवती झाडू फिरवायची आणि पुटपुटायची, “एवढं तर खऱ्या हॉस्पिटललाही कुणी जपत नाही.”

बाई थकल्या होत्या. गुडघे बोलत होते, डोकं दुपारपर्यंत भणभणायला लागायचं, आणि तीच ती भांडणं सोडवून जीव विटला होता. शाळा सुटल्यावर गुपचूप पाडून टाकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण भोंग्याची आई होती ना.

ती हॉस्पिटलात आया होती. रात्रपाळी संपवून घरी जाताना वाट वाकडी करून शाळेच्या खिडकीशी यायची. चुरगळलेले कपडे, तारवटलेले डोळे.

“आहे ना अजून?”

“आहे की.”

“राहू द्या, बाई. सुट्टी लागली की येईल तो. पूर्ण करेल.”

एवढं बोलून ती झोपायला जायची. तिला नाही म्हणायला बाईंची जीभ रेटत नव्हती.

त्या दिवशी मात्र कहर झाला. एका कमानीवरून दोघांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या कपाळावर ठोकळा हाणला. टेंगूळ आलं, रडारड झाली, मावशी ओला रुमाल घेऊन धावली. नेमकी तेव्हाच खिडकीत आई उभी राहिली.

“आत ये,” बाई वैतागून म्हणाल्या. “त्यालाच विचारू. लाव फोन.”

बाईंना हे अगदी रास्त वाटलं. इमारत ज्याची, परवानगी त्याची. तो ‘नको’ म्हणाला तर मुलं त्याच्या तोंडून ऐकतील, ‘पाडा’ म्हणाला तर प्रश्न मिटेल. आईचा चेहरा तर उजळलाच. दिवसाढवळ्या मुलाला फोन करायला तिला कारण मिळालं होतं.

आईनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे तो आजीनं उचलला आणि तसाच पुढे दिला. “हॅलो!” असा भोंगा वाजला आणि सगळा वर्ग हसला.

“अरे, तुझं हॉस्पिटल अजून आहे बरं का इथे,” आई म्हणाली.

“कुठलं हॉस्पिटल?”

“शाळेतलं. ठोकळ्यांचं. मी कामाला जाते ना, ते. एवढ्या खाटा मांडल्यास तू...”

पलीकडे टीव्ही चालू होता.

“मला नाही माहीत. आजी, माझी गाडी कुठंय?”

बाईंनी घाईनं तोंड फोनजवळ नेलं. “बाळा, पाडू का मग ते?”

“पाडा,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मुलांनी कुणाची वाट पाहिली नाही. टेंगूळवालाही धावला. खाटा, भिंती, अर्धवट छप्पर, सगळं धडाधड खाली आलं आणि पोरं टाळ्या पिटत नाचायला लागली. इतक्या पट्ट्या एकदम मोकळ्या झालेल्या त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिल्या नव्हत्या.

आई फोन हातात धरून तशीच उभी होती. ‘लहान आहे, विसरतात मुलं’ असं बाई म्हणणार होत्या, पण त्यांनी वेळीच जीभ आवरली. आपण हे का केलं, म्हणून त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “माझा आवाज ओळखला ना त्यानं?”

तो एकदाही ‘आई’ म्हणाला नव्हता. हे दोघींनीही ऐकलं होतं.

“न ओळखायला काय झालं?” बाई म्हणाल्या. “लगेच ओळखला.”