करंगळी कोणाची

येसूबाईंनी आधी नुसता खडा टाकून बघितला. "रिटायर झाले, आता बोटात एखादी अंगठी घालावी म्हनते. हिरव्या खड्याची."

यशवंतरावांनी पेपर खाली न करताच विचारलं, "खडा? आपल्या घरात?"

यशवंतराव एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिकिटं सोडून ग्रह तपासायला घेतले. दर रविवारी विहारात त्यांचं व्याख्यान असायचं आणि राशीचे खडे घालणाऱ्यांची ते अशी हजेरी घ्यायचे, की ऐकणाऱ्यांतले दोघेतिघे हळूच हात खिशात घालायचे.

येसूबाईंना ग्रहांशी काही देणंघेणं नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात आया म्हणून काढली. ड्युटीवर बोटात काही घालायचं नाही हा नियम, वर रोजचं फिनेल आणि गरम पाणी. बोटांची पेरं सुजून सुपारीएवढी झाली होती. एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात त्यांनी तो खडा पाहिला. करकंबला माहेरी पोरीबाळींच्या ओंजळीत पडायचा त्या कोवळ्या हुरड्याचा रंग, अगदी तोच. तेव्हापासून तो मनात रुतून बसला होता. ओठांवर आला तो मात्र रिटायर झाल्यावरच.

तीन दिवस अबोला झाला, मग मुलीचा, दीक्षाचा, दमदाटीचा फोन आला. तेव्हा कुठे यशवंतराव नवी पेठेतल्या खड्यांच्या दुकानात यायला तयार झाले. दुकानाची पायरी चढताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी ओळखीचं नाही ना.

दुकानदार इलाहीबक्ष चाचांनी चांदीच्या तीन अंगठ्या पुढे ठेवल्या. "आमच्यात ह्याला जबरजद म्हनत्यात. आता सगळी पेरिडॉट म्हनत्यात. ट्यूबखाली नका बघू वहिनी, दारात या, उन्हात बघा."

दारात एक खडा पिवळट निघाला, एक शेवाळी. तिसरा मात्र हुरडा. येसूबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "ह्योच," त्या म्हणाल्या.

"काच न्हाय कशावरनं?" यशवंतरावांमधला तपासनीस जागा झाला.

चाचांनी भिंग दिलं. "ह्यातनं बघा साहेब. मागच्या कडा दोन-दोन दिसत्यात. काचेत एकच दिसती."

यशवंतरावांनी पाहिलं. कडा दोन दिसल्या खऱ्या, पण डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे त्यांना चाचाही दोन दिसत होते. त्यांनी भिंग बायकोच्या हातात दिलं. येसूबाईंनाही कडा दोनच दिसल्या. खडा अस्सल होता.

इथेच सगळं गोडीगुलाबीनं संपलं असतं. पण चाचांना गिऱ्हाइकाला खूश करायची हौस भारी. ते म्हणाले, "आन दिवस पन लई चांगला साधलासा. बुधाचा खडा, आज बुधवार. करंगळीत घाला, झालं!"

यशवंतराव स्टुलावरून ताडकन उठले. "बुधवार? चला, उद्या येऊ."

"उद्या गुरूचा वार की."

"मग परवा."

"शुक्राचा. सातीच्या साती वाटून घेतल्यात, साहेब. मी न्हाई वाटलं. गिऱ्हाईक इचारतंय म्हनून पाठ झालंय."

"बरं, वार जाऊ द्या. करंगळी नको. शेजारचं बोट?"

"ते सूर्याचं."

"मधलं?"

"शनीचं."

"त्याच्या पलीकडचं?"

"गुरूचं."

"अंगठा!"

"शुक्र," चाचा खाली मान घालून म्हणाले.

यशवंतरावांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. गाडीत चढावं आणि सगळेच प्रवासी बिनतिकीट निघावेत, तसा त्यांचा चेहरा झाला. "मग तू लॉकेटच घे," ते म्हणाले.

येसूबाईंना रडूच फुटणार होतं, पण त्याच्या आधी राग आला.

"अहो, चाळीस वर्सांत घरात पंचांग येऊ दिलं न्हाय तुमी. आन आज कुटला वार, कुटलं बोट, तुमीच इचारत बसलाय. ज्योतिषानंबी एवढं इचारलं नसतं!"

त्यांनी अंगठी उचलली. तर्जनीत ती पेरावर अडली. मधल्या बोटात अडली, शेजारच्यातही अडली.

"मोठी करून देतो, वहिनी. चार दिवसांनी या," चाचा म्हणाले.

"बत्तीस वर्सं थांबले. आता चार दिस न्हाय." त्यांनी ती करंगळीत घातली आणि ती बसली. "ही करंगळी बुधाची न्हाय. इतकी वर्सं दवाखान्याची हुती, आता माझी हाय."

यशवंतरावांनी गुमान पाकीट काढलं.

नशीब असं की पायरी उतरतात तोच समोर सतीश. विहाराच्या मंडळाचा सेक्रेटरी, रविवारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा. "जयभीम काका!" म्हणता म्हणता त्याची नजर येसूबाईंच्या करंगळीवर गेली. "काकू, हिरवा खडा? आन तोबी बुधवारी?"

यशवंतरावांनी घसा खाकरला. व्याख्यानाआधी खाकरायचे तसाच.

"ग्रहासाठीच घेतलाय बाबा," येसूबाई म्हणाल्या. "नवातला न्हाय, दहावा. आमच्या घरातला. लई बडबडतो. खडा घातला की गप बसतोय का, बघायचं."

यशवंतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलावं, तर बडबडणारा ग्रह तेच ठरत होते. गप्प बसावं, तर खड्याचा गुण आला असं झालं असतं. रिक्षा मिळेपर्यंत ते तोंड उघडत आणि मिटत राहिले, आणि येसूबाई उन्हात करंगळी फिरवून हुरड्याचा रंग बघत राहिल्या.