सोनुबाईनं पाहिलेली झोप

सोनुबाई आठ महिने मोठ्या मुलाशी, रूपेशशी बोलली नव्हती. जेवायची हाकसुद्धा ती धाकट्या सुनेकरवी, नम्रताकरवी मारायची. आणि आता त्याच्याच झोपेच्या तपासणीला तिला कर्जतला जावं लागत होतं. रूपेशची बायको बाळंतपणाला पोशीरला माहेरी गेलेली, आणि दवाखान्यानं सांगितलेलं, पेशंट कसा झोपतो हे ठाऊक असलेलं घरचं माणूस बरोबर आणा.

आठ महिन्यांपूर्वी भरदुपारी रूपेशचा टेंपो चौक गावाच्या अलीकडे उभ्या कंटेनरवर आदळला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ मनोज जागच्या जागी गेला. रूपेशचं नुसतं मनगट मोडलं. "डोळा लागला," तो म्हणाला. गावात, लोधिवलीत लोक म्हणाले, प्यायला असणार. रक्तात दारू निघाली नाही, तरी बोलणारे बोलतच राहिले. सोनुबाईला दारूचं कधी खरं वाटलं नाही. पण दिवसाढवळ्या, पाठचा भाऊ शेजारी असताना, माणसाला झोप लागतेच कशी, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. पुढे मनगट दाखवायला गेलेला रूपेश बाकावर बसल्या बसल्या घोरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली.

एसटी अपघाताच्या जागेवरून गेली तेव्हा मायलेकांनी दोन बाजूंना तोंडं फिरवली.

दवाखान्यात रात्रपाळीला छाया नावाची मुलगी होती. "केसांना तेल नाही ना? दुपारनंतर चहा? दुपारी झोपलात?"

"झोपायचं नव्हतं," रूपेश खाली बघत म्हणाला. "तरी लागली."

खोलीत पलंग, पंखा आणि भिंतीवर कॅमेरा. छायानं त्याच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पोटऱ्यांना चिकट मलम लावून वायरी डकवल्या. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. "दुखत नाही काही. करंट नाही यात. बाथरूमला जायचं झालं तर नुसती हाक मारा, मी सोडवते."

एवढ्या वायरींत झोप कशी यायची, असं रूपेश म्हणाला. दिवा मालवून पाच मिनिटं झाली नसतील, तो झोपला.

सोनुबाई बाहेर बाकावर आडवी झाली, पण डोळा लागेना. शेवटी ती छायाच्या खोलीच्या दाराशी आली. पडद्यावर रूपेश राखाडी दिसत होता. शेजारी रेघा धावत होत्या.

"ही श्वासाची, मावशी," छाया म्हणाली.

रेघ वरखाली होत होती, आणि बघता बघता सपाट झाली. घोरणं थांबलं. छाती श्वास ओढू बघत होती, पण नाकातून काही जात नव्हतं. सोनुबाईनं दाराची चौकट धरली. दहा आकडे मोजले, वीस मोजले.

"उठव गं त्याला! श्वास नाय घेत तो!"

"आता उठवायचं नाही, मावशी. मोजायचं असतं. बघा, घेईल आता."

रूपेश अंगभर दचकला, मोठ्यानं श्वास ओढला, आणि पुन्हा घोरू लागला. मिनिटभरात रेघ पुन्हा सपाट.

"रातभर असंच?"

"मी सांगू शकत नाही. डॉक्टर सांगतील." मग ती हळूच म्हणाली, "घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

सोनुबाई खुर्चीत बसली. आलं होतं. दोघं भाऊ लग्नाआधी एकाच खोलीत निजायचे. मनोज एका सकाळी म्हणाला होता, "आये, दादाचा श्वास अडकतो गं रात्री. मीच हलवतो त्याला." ती भाकरी थापता थापता हसली होती. "दमतो बिचारा. निजू दे त्याला," म्हणाली होती. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं मान वरसुद्धा केली नव्हती.

मध्यरात्रीनंतर छायानं रूपेशच्या नाकावर हवेच्या यंत्राचा मास्क बांधला. घोरणं बंद झालं. ती शांतता ऐकून सोनुबाई धसकलीच, पण रेघ लाटांसारखी एकसारखी चालली होती. पहाटेपर्यंत सोनुबाई त्या रेघेकडे बघत राहिली.

सकाळी रूपेश केसांतलं मलम ओल्या फडक्यानं पुसत होता. मागचं त्याच्या हाताला येईना. सोनुबाईनं फडकं घेतलं आणि पुसू लागली. तो दगडासारखा स्थिर बसला.

"मनोजनं मला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुझा श्वास अडकतो म्हणून. दोनदा सांगितलं. मी नाय ऐकलं."

 रूपेश म्हणाला, "गाडी मी चालवत व्हतो, आये."

"हां," ती म्हणाली. त्याला "तुझी चूक नाय" म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते बाहेर पडेना, आणि पुसणंही थांबेना.

आठवड्यानं रिपोर्ट आला. तासाला शेहेचाळीस वेळा श्वास अडकत होता. डॉक्टर म्हणाले, असा माणूस कितीही झोपला तरी झोपलेला नसतो. रोज यंत्र लावून निजायचं, आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही.

मनोजच्या बायकोला, नम्रताला सांगायचं सोनुबाईनं स्वतःकडे घेतलं. चुलीपुढे बसून तिनं रेघांपासून सगळं सांगितलं, मनोजचं बोलणंसुद्धा लपवलं नाही. नम्रता तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हंजे आधीच डॉक्टरला दाखवलं असतं तर..." ती म्हणाली.

"हां गं," सोनुबाई म्हणाली.

नम्रता ताट बाजूला ठेवून परसदारी गेली. सोनुबाईनं तिला हाक मारली नाही. तांदूळ पुढ्यात ओढून ती उरलेले निवडू लागली. थोड्या वेळानं तिनं ओसरीकडे तोंड करून हाक दिली, "रूपेश, जेवाया ये."