खर्ज आला की

“थांब, बोलू नकोस,” हे म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत बसले. मी बोलतच नव्हते. गाणं संपलं.

“खर्ज नाही अजून,” म्हणाले, आणि नजर खोलीभर फिरत माझ्या शिलाई मशीनवर येऊन थांबली.

हे टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. सहा वर्षं सुट्ट्या घालवून, प्लायवूड कापून, अॅम्प्लिफायरचे भाग डाख देऊन जोडून ह्यांनी गाणं ऐकायची यंत्रणा घरीच बनवली. छातीएवढी दोन स्पीकरची खोकी. त्यांच्या तोंडावरचं कापड मी शिवलं. पण खर्ज, म्हणजे गाण्यातला खालचा, घुमणारा आवाज, काही येईना. दोष अर्थातच खोलीचा. नाचता येईना अंगण वाकडं. आधी पडदे गेले, मग माझं कापडांचं कपाट.

“ते लोखंडी धूड आवाज खातंय,” हे म्हणाले. “खर्ज आला की आणू परत.”

त्या मशीनवर मी लग्नाआधीपासून लोकांचे कपडे शिवत होते. ते नणंदेकडे गेलं. ती त्यावर कुंड्या ठेवते. गिऱ्हाइकं महिनाभर दार वाजवत राहिली, मग दुसरीकडे जायला लागली. खर्ज तरीही आला नाही.

एका शनिवारी झाडताना केरसुणी अडकली आणि एका खोक्यामागच्या दोन्ही तारा निसटल्या. दुसऱ्या खोक्याकडे बघून लाल भोकात लाल तार, काळ्यात काळी खोचली आणि भीतभीत गाणं लावलं. पायाखालची फरशी घुमली. म्हणजे आधी इथे तारा उलट होत्या? शिवणारीला संशय आला की ती उसवून बघते. मी तारांची अदलाबदल केली, खर्ज गेला. सरळ केल्या, आला. तीनदा बघितलं, आणि तिथेच बसून रडले.

रविवारी ह्यांनी ऐकलं आणि तडक ऑफिसातल्या मित्राला बोलावून आणलं.

“खोली रिकामी केल्याचा गुण,” हे त्याला सांगत होते. “त्या मशीननंच घोळ घातला होता.”

“एका खोक्याच्या तारा उलट होत्या,” चहा ठेवता ठेवता मी म्हटलं. “काल मी सरळ केल्या.”

हे हसले. “पंचवीस वर्षं तारा जोडतोय मी. तू तुझा सुईदोरा बघ.”

“त्याचंच विचारते. आता आणायचं ना मशीन?”

“आता? बसलेली घडी कशाला विस्कटायची?”

“वहिनी, नशीबवान आहात हो,” मित्र म्हणाला. मी कपबश्या उचलल्या.

सोमवारी हे कामावर गेले आणि मी तारा पुन्हा उलट लावल्या. सूडच होता तो, दुसरं नाव कशाला देऊ?

पुढच्या रविवारी ह्यांनी गाणं लावलं, बंद केलं, पुन्हा लावलं. भिंती ठोकून बघितल्या. खोलीत त्यांची खुर्ची आणि ती दोन खोकी, एवढंच. काढायला काही सापडेना. मी दारात उभी होते.

“अशी दारात उभी राहू नकोस,” हे म्हणाले. “आवाज अडतो.”

मी बाहेर झाले आणि दार ओढून घेतलं.