बिनपगारी साखर

आपल्याला साखर झाल्याचं दोघी जावांना एकाच दिवशी, दवाखान्याच्या एकाच बाकावर कळलं होतं. थोरली एका लॉण्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची, धाकटी खोके बनवायच्या कारखान्यात पुठ्ठे चिकटवायची. नवरे सख्खे भाऊ, बिऱ्हाड दोन खोल्यांचं, स्वयंपाक एकत्र. तेव्हा साखरही जोडीनं वाढली, यात नवल नव्हतं.

दीड वर्षानं दवाखान्यातल्या सिस्टरनं दोघींना बोलावलं. एक नवी योजना आली होती. रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून साखर मोजायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत, चालायचं. मोजलेला आकडा मशीनमधून आपोआप दवाखान्यात पोहोचणार. काही जणांना हे सगळं केल्याबद्दल दर महिन्याला पैसे मिळणार होते, काही जणांना नुसतं मशीन आणि सल्ला. पैशानं फरक पडतो का, ते बघायचं होतं. कोणाला काय, ते चिठ्ठीवर.

धाकटीनं चिठ्ठी काढली, पैसे निघाले. थोरलीनं काढली, सल्ला निघाला.

"म्हणजे हिची साखर पगारी आणि माझी बिनपगारी?"

सिस्टर हसली. धाकटीही हसली. थोरलीनं मात्र खरोखरच विचारलं होतं.

पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा धाकटीनं चालायला बूट घेतले आणि थोरलीसाठी मोजे आणले. "ताई, दिवसभर उभ्या असता. पायांना बरं." मोजे जाड होते, मऊ होते, आणि म्हणूनच थोरलीला जास्त झोंबले. हलके निघाले असते तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

दुसऱ्या महिन्यात थोरलीचा नवरा जेवता जेवता म्हणाला, "धाकटीनं बघ, दुखण्यातूनही कमाई काढली. डोकं लागतं त्याला."

"डोकं नाही, चिठ्ठी लागते," थोरली म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात भात असा आदळला की चार शितं मिशीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं मशीनला हात लावला नाही. गोळ्या आठवल्या तर घ्यायची, आणि सहसा आठवायच्या नाहीत. मला कोण देतंय, हे तिचं एकच पालुपद. धाकटी पहाटे बूट चढवून निघाली की ही पांघरुणात कूस बदलायची आणि जिन्यावरचे तिचे पाय ऐकत पडायची. तिसरा मजला, दुसरा, पहिला. मग फाटक. लॉण्ड्रीत ओल्या चादरींच्या ढकलगाडीचं चाक एकदा तिच्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं. जखम छोटीच होती, पण भरेना. तिनं वरून ते मोजे चढवले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तिसरा महिना संपायला चार दिवस होते. थोरली पहाटे सगळ्यांआधी पाणी भरायला उठली. फळीवर धाकटीचं मशीन होतं, शेजारी पट्ट्यांची डबी, सगळं नीट पुसून मांडलेलं. नियम असा होता की ज्याचं त्यानं आपल्याच मशीनवर मोजायचं, आणि एक सकाळ जरी चुकली तरी त्या महिन्याचे पैसे गेले. थोरलीनं मशीन उचललं, आपल्या पिशवीत डब्याखाली घातलं आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कामावर गेली.

दिवसभर तिला ती पिशवी दिसत राहिली. खुंटीला नुसती लटकलेली, पण आत कोणीतरी बसल्यासारखी. दोन उशांचे अभ्रे करपले. मुकादम म्हणाला, "आज लक्ष कुठंय?" ती म्हणाली, "इथंच."

संध्याकाळी घरी आली तर घर उलटंपालटं. गाद्या उचकटलेल्या, डबे जमिनीवर. धाकटी कामावर गेलीच नव्हती. तिचा नवरा तिला वेंधळी म्हणून कामावर निघून गेला होता. थोरली पिशवीसकट आत गेली, फळीमागच्या फटीत हात घातला आणि म्हणाली, "अगं, हे काय, इथं तर पडलंय!"

धाकटीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "ताई, माझे डोळे फुटले होते का हो? सकाळपासून शोधतेय."

थोरलीनं ते हात सोडवले आणि ती जमिनीवरचे डबे उचलू लागली.

जेवताना धाकटी एकाच बाजूनं चावत होती. दुसरा गाल सुजला होता. या महिन्याच्या पैशातून ती दाढ काढणार होती. आता ते लांबलं. "दुखेल तेवढं दुखेल," म्हणून तिनं लवंग धरली आणि ताट धुवायला उठली. थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला. पण कबूल करायला जीभ उचलेना.

आठवड्यानं दवाखान्यात दोघींच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी काढली. धाकटीची चांगलीच उतरली होती. थोरलीची, जी सातच्या आसपास हवी, ती चढून साडेदहावर गेली होती. सिस्टरनं आकड्याकडे पाहिलं, मग तिच्या चालण्याकडे. "मोजा काढा."

"काही नाही हो, जरा लागलंय."

"काढा."

अंगठा काळानिळा झाला होता. डॉक्टरांनी खाली वाकून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "अजून महिनाभर असंच काढलं असतंत तर अंगठा कापावा लागला असता."

धाकटीचा आवाज चढला. "ताई, मी मोजे दिले ते हे झाकायला? एका घरात राहतो, सांगता येत नव्हतं? काय वैर आहे माझ्याशी?"

"मशीन मी नेलं होतं," थोरली म्हणाली.

"कुठलं मशीन?"

"तुझं. लॉण्ड्रीत नेलं होतं. तुझे पैसे बुडावेत म्हणून."

धाकटी उठली, पर्स उचलली आणि एकटीच घरी गेली.

थोरलीनं सिस्टरला विचारलं, "माझी चूक लिहून दिली तर तिला त्या महिन्याचे मिळतील?" सिस्टरनं वरच्या साहेबांना विचारलं. उत्तर आलं, नियम म्हणजे नियम.

घरात अबोला सुरू झाला. एका ओट्यावर दोघी स्वयंपाक करायच्या आणि मीठ हवं असलं तरी नवऱ्यांकरवी मागायच्या. जखम रोज धुऊन पट्टी बांधायची होती. थोरलीची पाठ वाकत नव्हती, नवऱ्याला जखम बघून घेरी यायची. दोन दिवस तिनं कशीबशी बांधली, तीही सुटली. तिसऱ्या दिवशी धाकटी कापूस आणि पाणी घेऊन तिच्यासमोर बसली.

"पाय पुढे करा."

"अगं, मला—"

"मी तुमच्याशी बोलत नाहीये. पाय पुढे करा."

अबोला पंधरा दिवस चालला आणि पट्टीही पंधरा दिवस चालली. तेवढ्या काळात थोरलीनं रविवारच्या जादा पाळ्या केल्या. स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून. ते पैसे तिनं परस्पर दातांच्या डॉक्टरला नेऊन दिले आणि पावती धाकटीसमोर ठेवली.

धाकटीनं ती दोनदा वाचली. "हे माझेच होते. उपकार मानणार नाही."

"मानू नकोस."

"आणि विसरणारही नाही."

"नकोच विसरू."

दाढ निघाली. अंगठा हळूहळू भरला. थोरली गोळ्या वेळेवर घेऊ लागली, सकाळी बोट टोचू लागली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर धाकटीच्या मागोमाग जिना उतरू लागली. आधी दहा पावलं मागं असायची, मग पाच, मग बरोबरीनं.

पुढच्या तपासणीला थोरलीची सरासरी साडेसातवर आली. सिस्टर खूष झाली. "बघा, पैशाशिवायही जमलं की!"

"हिची किती आली?" थोरलीनं लगेच विचारलं.

"दुसऱ्याची सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर ती धाकटीनंच सांगितली. "सात."

"पण मी तीननं उतरले. तू कितीनं?"

"तुम्ही आधी माडीवर चढून बसला होतात, म्हणून उतरलात."

"उतरले ना पण?"

धाकटीला हसू आलं, ते तिनं दाबलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पैसे जमा झाले होते. थोरलीनं न बघायचं ठरवलं आणि बघितलं. छातीत ती ओळखीची कळ आलीच. पहिल्याइतकी नाही, पण आली.

"कधी संपते गं तुझी ही योजना?"

"अजून तीन महिने."

"बरं," थोरली म्हणाली आणि एवढ्या झपाझप चालू लागली की बूट घातलेल्या धाकटीला तिला गाठायला पळावं लागलं.