शंका आली की घरगुती

"चाकू एकच आहे, साहेब," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. बाई एकच गोष्ट तीनदा सांगतात हे त्यांना नवीन होतं. एकोणीस वर्षं गुन्हे नोंदणीच्या या कार्यालयात आलेली खुनाची प्रत्येक फाईल बाईंच्या टेबलावरून गेली होती. त्या ती वाचायच्या आणि कारणाच्या रकान्यात पेन्सिलीने एक शब्द लिहायच्या. साहेबांनी मान डोलावली की तो शाईने पक्का व्हायचा. नव्या कारकुनांना बाईंनीच युक्ती शिकवली होती, शंका आली की 'घरगुती'. त्यामुळे ढीग भराभर उपसला जायचा आणि वरून कुणी काही विचारायचं नाही.

आज मात्र बाई दोन फायली घेऊन सकाळपासून खुर्चीतून उठत-बसत होत्या. दर मयताला वेगळी फाईल, हा नियम. एक मुलगी, दुसरा तिचा नवरा. लग्नाला जेमतेम चार महिने. दोघांना मुलीच्या भावाने एकाच खोलीत, एकाच चाकूने मारलं होतं. पोलीस ठाण्याने मुलीसाठी 'घरगुती' सुचवलं होतं आणि मुलासाठी 'द्वेष', कारण तो परक्या समाजातला.

"भावानं बहिणीला घरात मारलं. याहून घरगुती काय असतं? कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"घरगुतीत आधीच्या तक्रारी असतात, साहेब. मोडलेले हात, फुटलेली डोकी. नवरा मारतो तो कधीपासूनचा मारत असतो, आणि मग लपवतो. इथं पोरीला कुणी बोट लावलेलं नाही. काका, मामा, भाऊ तीनदा बसले, दिवस ठरवला. नंतर पायरीवर बसून पोलिसांची वाट बघत होते, मान ताठ करून."

"बरं, मुलाचं तरी द्वेष बरोबर आहे ना?"

"द्वेषानं मारणाऱ्याला बहुतेकदा समोरच्याचं नावही ठाऊक नसतं. या मुलाला तर जावई म्हणून पानावर बसवला होता."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मग काय लिहायचं?"

"दोन्हीकडे 'इभ्रत'. विचारणा झाली तर उत्तर मी देईन."

"लिहा बाई," म्हणून साहेब जेवायला गेले.

बाईंनी दोन्ही रकान्यांत पेन्सिलीने 'इभ्रत' लिहिलं, पण डबा उघडलाच नाही. मुलीच्या फायलीचं अकरावं पान त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. तिच्या आईचा जबाब. 'फोन मीच केला. झालं गेलं विसरू, दोघं जेवायला या म्हटलं. मला सांगितलं होतं, नुसतं बोलायचंय.'

बाईंच्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी असंच परक्या समाजात लग्न केलं होतं. तेव्हापासून बाईंचा नवरा घरात मुक्यासारखा वावरत होता. मंगळवारी मात्र दीर आले, दोघे भाऊ दार लोटून तासभर बसले, आणि बाहेर येऊन दीर म्हणाले, "वहिनी, रविवारी दोघांना बोलवा. तुमचं ऐकेल ती. नुसतं बोलायचंय." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. आज शुक्रवार. फोन आज करायचा ठरलं होतं.

नवऱ्याने जन्मात मुलीवर हात उगारला नव्हता. आपण भलतंसलतं मनात आणतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग अकरावं पान पुन्हा वाचलं आणि फोन लावला.

"आई! आत्ता तुझीच आठवण काढत होते. आम्ही जागा बदलली. पत्ता लिहून घे, घर नंबर सत्तावीस—"

"थांब. सांगू नकोस."

"अगं, का?"

"मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. विचारलं तर तोंडातून निघून जाईल." बाई भराभर बोलत राहिल्या. "काका जेवायला बोलावतील, बाबा बोलावतील. येऊ नकोस. मी स्वतः बोलावलं ना, तरी येऊ नकोस."

मुलगी हळूच म्हणाली, "मग आपण भेटायचं कधी?"

"जेवलीस का?" बाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

टेबलावरच्या चिठ्ठीवर सत्तावीस लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षांची सवय, पेन्सिल आपोआप चालली होती. बाईंनी खोडरबर घेतलं आणि कागद विरेपर्यंत तो आकडा खोडला. कीस फुंकून टाकला. मग पेनचं टोपण काढून दोन्ही फायलींतला शब्द शाईने पक्का केला.